पंच्याहत्तर टक्के

डिसेक्शन हॉलला पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते.
घराला किती लागते
हे प्रॉस्पेक्टसमध्ये नव्हतं.

निधी राजावत दर शनिवारी भिंडला जाते.
दोन तासांची बस, मळक्या कपड्यांचं बोचकं,
रविवारी रात्री इस्त्रीचा एप्रन आणि मेथीचे पराठे घेऊन परत.
तिच्या घरावर आणि आमच्या हॉस्टेलवर
एकच धुकं पडतं.
माझं घर कवठेमहांकाळच्या अलीकडे :
तीस तास रेल्वे, आणि मिरजेपासून पुढे वडाप.

संक्रांतीला गणित मांडलं.
शनिवारचं हिस्टॉलॉजी बुडवायचं,
सोमवारची तोंडी परीक्षा तोमर सरांच्या पाया पडून पुढे ढकलायची.
पाच दिवस मिळाले.
त्यातले अडीच रुळांवर जाणार, हे धरलं होतं.
धुकं धरलं नव्हतं.

गाडी नऊ तास उशिरा.
ग्वाल्हेरच्या फलाटावर बसून
मी आईचे नऊ तास
एकेक कुल्हड करत प्याले.
मांडीवर पागनीस काकूंनी दिलेला गजकचा डबा.
काकूंच्या सात पिढ्या लष्करातच गेल्या,
नर्मदा त्यांनी कधी ओलांडली नाही.
‘तिकडे आता ऊन असेल नं, बेटा?’ असं विचारतात,
जणू ऊन हे माहेरचं कुणी नात्यातलं.

ऊन होतं.
बेदाण्याच्या रिकाम्या शेडवर, पत्र्यावर, आईच्या पाठीवर.
मी गजकचा डबा उघडला तर आत नुसता भुगा.
समरजितनं तो चमच्यानं खाल्ला.
मग मी पाच मिनिटं आडवी झाले
आणि चौदा तास झोपले.

मध्येच कधीतरी आई येऊन बसल्याचं कळत होतं.
तिनं उठवलं नाही.
‘झोपू दे,’ अण्णा दारातूनच म्हणाले,
‘एवढ्या लांबनं झोपायला आलीय पोरगी.’
त्यात टोमणा नव्हता. मी शोधला.

संध्याकाळी अण्णा मागल्या साली राहिलेला माल निवडत बसले.
हिरवा, पिवळा, काळपट,
अंगठा आणि तर्जनी, अंगठा आणि तर्जनी.
मी त्यांच्या हाताकडे बघत होते
आणि मला कातडीखालचं दिसत होतं :
इथून मेडियन नर्व्ह येते, इथे फाटा फुटतो.
अंगठ्यावर कात्रीचा जुना व्रण आहे
हे मात्र मला नव्यानं दिसलं.
या चार महिन्यांत
मी टेबल चारवरच्या माणसाचा हात
अण्णांच्या हातापेक्षा जास्त तास धरलाय.
हे मी बोलले. का बोलले, कोण जाणे.

अण्णांची बोटं थांबली.
मला वाटलं, विचारतील, भीती वाटते का,
वास येतो का, मग जेवतेस कशी.
सगळे तेच विचारतात.
अण्णांनी विचारलं,
‘त्याच्या घरचं कुणी येतं का भेटायला?’

मला माहीत नव्हतं.
त्याचं नावही माहीत नव्हतं.
आईनं तिळगुळाची वाटी मध्ये ठेवली
आणि पुढचं बोलणं वाटीभोवती झालं.

मिरजेला गाडी वेळेवर आली. नेमकी.
अण्णा परत कधी येणार हे बोलले नाहीत,
बेदाण्याच्या दोन पुड्या दिल्या :
एक काकूंना. दुसरी कुणाला, ते सांगितलं नाही.
भुसावळपर्यंत मी ती हातात घेऊन बसले होते.

गुरुवार. कंपूवर तसंच धुकं, किल्ला खोडून टाकलेला.
फॉर्मॅलिननं डोळे आधी भरले, मग सरावले.
निधीनं हात कोपरापर्यंत सोलून ठेवलेला,
‘तू नव्हतीस ना,’ म्हणाली, ‘मग मीच केलं पुढे.’
मी ग्लोव्हज् घातले.
एप्रनच्या खिशात दुसरी पुडी.

तोमर सर हजेरी घेत होते.
रोल नंबर सत्तेचाळीस.
त्याचा तळहात माझ्या तळहातावर ठेवत
मी म्हटलं,
आलेय.
सर म्हणाले, जोर से.