धारूरच्या मागची वाट

मोबाइलच्या नकाशात इथं काहीच नाही,
नुसता करडा डाग.
चाकाखाली मात्र मुरूम बोलत राहतो:
आधी बारीक, जाडंभरडं दळल्यासारखा,
मग खडी, मग सुपारीएवढे दगड,
आणि हँडलमधून दातांपर्यंत पोचलेला बालाघाट.

तिसऱ्या चढाला चेन उतरली.
सीताफळीखाली सायकल उलटी करून
बोटं काळी करत बसलो.
शेरडं वळत आलेली सुंद्राबाई म्हणाली,
"कामून आलाव हिकडं? डांबरी तिकडं हाय की."
म्हटलं, म्हणूनच.
ती हसली नाही. काठीनं दाखवलं,
"त्या पांढऱ्या दगडाला डावीकडं वळू नका,
पाझर हाय, चाक रुतंल.
लेंड्या दिसत्यात तवर जावा.
लेंड्या सरल्या की वाट सरली."

तसाच गेलो.
खिंडीत वाऱ्यानं पाठीवरचा घाम उचलला.
खाली तलावाचं उरलंसुरलं पाणी,
पलीकडच्या उतारावर एक मोर, पाठमोरा,
आणि पुढं लेंड्या होत्याच,
ताज्या.

रात्री नकाशात रेघ ओढली.
त्यानं नाव मागितलं,
'शेरडवाट' लिहिलं.
पांढऱ्या दगडाचं सांगायला
रकाना नव्हता.