कोपराने बंद करायचा नळ

माझ्या वहीत माणसं नाहीत, हात आहेत.
भोईवाड्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर,
नवजात कक्षाच्या दाराशी स्टूल टाकून
औषधांचा साठा तपासत असल्याचं सोंग करते मी
आणि मोजते :
लोटलीकर सर, आत जाताना धुतले, बाहेर येताना नाही.
नवा इंटर्न, पाण्याखाली नुसते धरले.
एक्स-रेवाला, सरळ आत.
कुंदा गमरे, झाडूवाली, चाळीस सेकंद, नखांसकट.

चौथ्या दिवशी सगळ्यांना कळलं.
आता मी दिसले की हात चोळू लागतात,
हवालदार दिसल्यावर हेल्मेट चढवावं तसे.
मागे मला साबणबाई म्हणतात.
म्हणू देत.
नंदाखालच्या शाळेत याहून वाईट नावं पडली होती.

ऑक्टोबरात तीन बाळं आजारली.
ताप नाही. एवढुसा जीव तापत नाही,
गार पडतो, दूध सोडतो,
रंग राखेकडे झुकतो,
आणि मॉनिटरच्या आधी जुन्या सिस्टरला कळतं.
नावं नव्हती अजून त्यांना.
पायातल्या पट्टीवर आईचंच नाव :
बेबी ऑफ नूरबानो. बेबी ऑफ सुलक्षणा. बेबी ऑफ रेश्मा.
तिघांच्या रक्तात एकच जंतू.
दोघांना आम्ही परत आणलं.

रेश्माला मी सांगितलं.
कसं, ते इथे लिहिणार नाही.

मग शोध.
लॅबमधून अशफाकने बशा पाठवल्या,
झाकणाच्या, तळाशी मेंढीच्या रक्ताची लाल साय.
काचपेटीची झडप पुसली, दुधाची वाटी, वजनकाटा,
लोटलीकरांचा मोबाइलसुद्धा (कुरकुरत दिला).
दोन दिवस वाट पाहिली.
झडप कोरी. वाटी कोरी.
मोबाइलवर बरंच काही, पण आपलं नव्हे.
नळाच्या मुठीची बशी मात्र भरून आली,
ओलसर, चकचकीत ठिपके,
कुणी घाईत रांगोळी टाकून उठून गेल्यासारखे.

पालिकेचा जुना पितळी नळ.
मळक्या हाताने उघडायचा,
धुतलेल्या हाताने बंद करायचा.
सतरा वर्षं आम्ही जे वाहवलं
तेच परत मुठीत घेऊन आत गेलो,
आणि मी वहीत
बरोबरच्या खुणा करत राहिले.

आणखी एक बशी होती.
नाव नव्हतं तिच्यावर, नुसती तारीख.
तुलनेला म्हणून माझाच पंजा टेकवला होता,
खात्रीने, जरा मिरवतच.
अशफाकने ती उजेडाकडे धरली.
पाच बोटं उमटलेली. अंगठ्याशी तेच ठिपके.
"ही कुणाची, सिस्टर?"
मी सांगितलं.
तो पेन्सिल हातात घेऊन थांबला. "लिहू?"
"लिही. डाबरे, फिलोमिना. आणि शाईने लिही."

नव्या नळांना तीन महिने लागले, अकरा सह्या.
तोवर कुंदाच उभी राहायची बेसिनपाशी
दुसऱ्यांसाठी मूठ फिरवायला,
तासातासाला ती पुसायला.
सह्यांच्या कागदावर तिचं नाव कुठेच नाही.

आता लांब दांड्याचे नळ आहेत, कोपराने लोटायचे.
क्वार्टरमध्ये भांडी घासतानाही माझं कोपर पुढे जातं,
नवरा म्हणतो, फिलू, हे आपलं स्वयंपाकघर आहे गं.

आज नूरबानो आली. नऊशे ग्रॅमचं तिचं पोर
दोन किलोचं होऊन घरी निघालं.
तिने बांगड्या उतरवून ओढणीच्या टोकाला बांधल्या,
बोटांच्या बेचक्या, मनगट, अंगठ्याचं मूळ,
मग कोपराने नळ लोटला
आणि ओले हात अधांतरी धरून
माझ्याकडे बघत राहिली.
"हो गया, सिस्टर?"

माझ्या वहीत आयांसाठी रकाना नाही.
"अजून थोडं," मी म्हटलं,
वही स्टुलावर ठेवली
आणि तिच्या शेजारी उभी राहून
बाही वर सारली.