मधला

आजची ही तिसरी.
अडीचशे अंशांवर दोन तास तावून सुलाखून,
मग गार पाण्याचा फवारा मारून
पुन्हा चौकटीत बसवली आहे गाळणी.
पोलादाचे तंतू, केसाहून कितीतरी बारीक,
पिंजून, दाबून, भट्टीत एकमेकांना सांधलेले.
गेल्या आठवड्यात काचेच्या कागदाची होती,
ती याच फवाऱ्याखाली ओल्या पुठ्ठ्यासारखी फाटली.
हिच्या अंगावर नुसती निळी झाक.

"पेग, सोडतोय गं," ओस्विन ओरडतो.
नळीत तेलाचं धुकं सुटतं.
डोळ्यांत तेल घालून मी तेलच मोजते,
अलीकडे किती, पलीकडे किती.
दहा हजारांत तीन गेले तर चालतं.
अणुभट्टीच्या लोकांना चौथा चालत नाही.

शेडच्या पत्र्यावर आयरिश समुद्राचं वारं आपटतंय.
नव्या पोराला मी विचारते, सांग, यातून निसटतं कोण?
सगळ्यात बारीक, तो म्हणतो.
सगळे हेच म्हणतात.

जड कणाला वळता येत नाही.
हवा वळते, हा सरळ जाऊन तंतूवर आदळतो
आणि तिथलाच होतो.
अगदी हलक्याचा पाय एका जागी ठरत नाही,
भिरभिरत, धडपडत कुठेतरी चिकटतोच.
निसटतो तो मधला.
मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाएवढा,
हवेबरोबर वळतो,
कुणालाही धक्का न लावता जातो.

आमचा विल्फ वडिलांमागे सरळ खाणीत उतरला.
खाण बंद झाली, तरी व्हाइटहेवनची गल्ली त्याने सोडली नाही.
धाकटी इस्मे, दर वर्षी नवी नोकरी, नवा माणूस,
शेवटी आईच्याच माडीवर.
गॉर्डनचं कुणाशी भांडण नव्हतं.
एका मंगळवारी त्याने आपली बशी धुतली, पुसली,
पालथी घातली आणि गेला.
दोन दिवस आम्ही त्याला शोधलंच नाही,
घर भरलेलंच वाटत होतं.

आकडा थांबतो. दहा हजारांत दोन.
ओस्विन शीळ घालतो, चहाचं पाणी ठेवतो.
मी सही करते, तारीख घालते.
पोरगा विचारतो, मग त्या दोघांचं काय?
पुढे आणखी एक गाळणी असते, मी सांगते,
नियमच आहे तसा.

कधी कधी मला
त्या नियमाचा राग येतो.