पावती

सन्मतीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी
बेळगावची पाहुणेमंडळी यायची.
आमच्यात जेवणं दिवस मावळायच्या आत.
मग रात्री दहापर्यंत त्या माणसांचं करायचं काय,
हा प्रश्न भरतेशने माझ्या ओट्यात टाकला.
"आक्का, तू रिकामीच आहेस."

रिकामी म्हणजे
तीस वर्षं सहकारी बँकेच्या काचेमागे
दुसऱ्यांच्या नोटा मोजून निवृत्त.

ऑर्केस्ट्रा नको, व्याह्यांच्या कानात मशीन.
डीजे नको, कार्यालयाला लागून दवाखाना.
सन्मती म्हणाली, जादूगार आणूया,
स्टेजवरचा नव्हे, माणसांत फिरणारा,
हातभर अंतरावरून दाखवणारा.
मग घरात यादी सुरू झाली,
नको असलेल्या जादूंची.

अंडं नको.
कबुतर नको, पिंजऱ्यातला जीव बघून
वहिनी तिथंच उपास धरेल.
दोरी कापायची नाही, मंगलकार्यात कात्री कशाला.
काळा रुमाल नको.
रिकामं भांडं कुणाला दाखवायचं नाही.
आणि बाईला पेटीत घालून गायब करणं तर
नावच काढू नका, म्हणाली मोठी काकू,
जी चौदाव्या वर्षी या घरात आली
आणि पुढं चाळीस वर्षं
स्वयंपाकघराबाहेर कुणाला दिसली नाही.

पहिला भेटला विश्रामबागच्या हॉटेलात.
कोल्हापूरचा. कोटाला चमकी, हातात टॅब,
पॅकेज एक, पॅकेज दोन, धुराचे वेगळे.
माझ्या कानामागून त्याने पाचशेची नोट काढली.
मी म्हटलं, डाव्या बाहीत अजून एक आहे, तीही काढा.

मग मिरजेला गेले.
सतारीच्या दुकानांमागच्या बोळात
बशीर शिकलगार, सत्तरी केव्हाच ओलांडलेले,
बनियनवर, मांडीवर सूप घेऊन
बायकोबरोबर लसूण सोलत बसलेले.
मी यादी वाचून दाखवली.
त्यांनी पाकळीवरची नजर न हलवता ऐकली.
"काप नाही, तोड नाही, लपवालपवी नाही,
रिकामं नाही, काळं नाही.
बाई, मग लग्न कसं करताय?"
त्यांची बायको हसली. मीही हसले,
ठसका लागेपर्यंत.

मी हात बघत होते.
सवयच ती. तोंडं बघून कॅश जुळत नाही.
त्यांची करंगळी थरथरत होती.
ती थरथर वयाची,
की तिच्याआड काही चाललंय,
कळेना.
असं काही न कळून किती वर्षं झाली,
तेही आठवेना.

इसार म्हणून हजार रुपये सुपाच्या कडेला ठेवले.
पावती मागितली.
"हात करा," म्हणाले.
तळव्यावर एक सोललेली पाकळी ठेवली,
माझी बोटं एकेक करून मिटवली,
जशी दुकान बंद करताना फळ्या लावतात.
"तुमच्यात लसूण चालत नाही, ठाऊक आहे मला.
सांगली येईस्तोवर त्याचं हळकुंड होईल.
तोवर उघडायची नाही. हीच पावती."

बायको म्हणाली, "सगळ्यांना हेच सांगतात."
"आणि होतं?"
तिने सूप उचललं,
टरफलं फुंकली,
म्हणाली, "चहा तरी घ्या."
डाव्या हाताने कपबशी धरून प्यायले.

सांगलीची बस धरली. खिडकीशी बसले.
मूठ मांडीवर, पदराखाली, तापलेली.
नाकाशी नेली असती
तर क्षणात निकाल लागला असता.
नेली नाही.
विश्रामबागही मागं पडलं.
आत काहीतरी टोचतंय असं वाटलं,
मग वाटलं काहीच नाहीये,
मग वाटलं, असू दे.

तिकिटाचे पैसे डाव्या हाताने पुढं केले.
कंडक्टर म्हणाला,
"मावशी, उजव्या हातानं द्या की."

म्हटलं, तो गुंतलाय.