एका खोक्यातले तीन

भरतीचं पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलंय,
म्हणून टेबलाचे पाय विटांवर.
गुनार्सो म्हणतो, लिही.
मी लिहिते: समारांग, शनिवार, रात्रीचे साडेदहा,
खोलीत एकतीस अंश, हवेत ओल एवढी
की वहीचं पान पेनाखाली मऊ पडतं.

तीन प्रोसेसर. एकाच नावाचे, एकाच किमतीचे.
खोक्यात हमीचं एकच कार्ड,
लिएमनं त्याची केव्हाच घडी घालून
डुगडुगणाऱ्या पायाखाली सारलीय.
तो एकेकाला तळहातावर घेऊन जोखतो,
त्याचे वडील लवंगा जोखायचे तसं.
वजनावरून काय कळणार? मी विचारते.
काही नाही, तो म्हणतो, हाताला सवय आहे.

पहिला.
कारखान्यानं बांधून दिलेला वेग ३.६.
४.५ला मजेत. ४.८ला पडदा निळा.
व्होल्ट वाढव. थोडा. आणखी केसभर.
४.९ चाललं.
५ म्हणताच मान टाकली.
मी रकान्यात लिहिलं: हट्टी नाही, नुसता संपतो.
गुनार्सोनं ते खोडलं.
आकडे लिही, म्हणाला, स्वभाव नको.

दुसरा तापट.
म्हणजे त्याच व्होल्टला अकरा अंश जास्त,
आकडाच आहे हा, खोडू नकोस.
५.१पर्यंत गेला खरा,
पण पंखे असे घोंघावले
की शेजारच्या बाईंनी भिंतीवर चप्पल आपटली.

तिसऱ्यासाठी कोरडा बर्फ.
गोदीवरच्या ट्यूनावाल्यांकडून आणलेला,
थर्माकोलच्या पेटीला अजून माशांचा वास.
तांब्याचं भांडं सुकार्दी कातऱ्यानं घडवलेलं,
त्याला वाटतं आम्ही कॉफीचं दुकान काढतोय.
सॉकेटभोवती व्हॅसलीन, आईच्या टाचांचं,
कारण थंडीनं चिप मरत नाही,
थंडीवर जमलेल्या एका थेंबानं मरते.
बर्फ ओतला.
वाफ टेबलाच्या कडेवरून उतरली,
उंबऱ्यातल्या पाण्यावर पसरून राहिली.
मांजर उठून गेलं.

उणे सत्तर.
५.२.
५.४.
५.६ला लिएमची मांडी हलायची थांबली.
५.७,
आणि बावीस सेकंद, मी मोजले,
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

एवढा फरक का? एकाच आईची लेकरं ना ही?
गुनार्सो सांगतो: सिलिकॉनची चकती,
जेवायच्या ताटाएवढी.
कुणी कडेचा तुकडा, कुणी मधला.
कुठे थर अणूभर जाड, कुठे अणूभर विरळ.
कारखाना त्यातल्या त्यात गरिबाला झेपेल
असा एक वेग सगळ्यांवर छापतो.
बाकीचं आत पडून राहतं,
कुणी छळेपर्यंत कळत नाही.
मग माझ्याकडे बघून,
यात आता आपल्या घरातलं काही शोधू नकोस.

मी शोधत नव्हते.
विम्बोच्या फोनची वेळ टळून गेली होती, एवढंच.
बाताममध्ये त्याला सलग दोन पाळ्या,
सर्किट बोर्डांवर झाळकाम.
परवा हसत म्हणाला, साहेब खूश आहेत,
विचारतात, तिसरी जमेल का?
जमेल म्हणालास? आईनं विचारलं होतं.
तेव्हा लाइन खरखरली.

लिएम पडद्यावरून नजर न काढता:
अजून शंभर जाईल हा. दोनशे.
मी सांगतो, असा नग हजारात एक.
व्होल्ट दे.
गुनार्सोचं बोट कीबोर्डवर.
भांड्याच्या कडेला पांढरं तुषार दाटलेलं,
त्यातून एक रेघ ओली होऊन खाली सरकत होती.
जाईल, तो म्हणाला.
जाईल हा.
आणि वाकून प्लग काढला.

लिएम बराच वेळ बोलला नाही.
मी वहीत ५.७ लिहिलं, खाली रेघ मारली,
मग आईचा हेअर ड्रायर आणला,
आणि तिघं आळीपाळीनं तो धरून बसलो
ओल सुकेपर्यंत.

फोन आला नाही.
पाणी एक वीट खाली गेलं.