परतला: होय / नाही

पेनिशच्या मासळीबाजाराच्या माडीवर, वाचनालयात
मंगळवारी सात जण येतात माझ्याकडे.
इदालीना एकसष्टची. तीस वर्षं लिलावाची वही तिच्याच हातची.
यादीची मोजणी शून्यापासून, म्हटल्यावर म्हणाली,
"मग पहिली पेटी कुणी लंपास केली?"

होडीचा क्रमांक तिने आकडा म्हणून भरला,
पुढची दोन शून्यं गळून पडली.
अवतरणचिन्हांत घाला, मी म्हटलं,
ज्याची बेरीज करायची नसते तो मजकूर.
"मग माझं वयही मजकूरच की!"

तिने होडीवरच्यांची यादी केली.
नाव: मजकूर. वय: पूर्णांक.
परतला: होय किंवा नाही.
चार ओळी भराभर.
पाचवीत धाकटा भाऊ, अमादेऊ.
वय तिने बावीसच ठेवलं.
पुढे कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

"होय लिहिलं तर खोटं. आणि नाही लिहायला
मी काही पाहिलेलं नाही."

तिसरंही एक असतं, मी सांगितलं,
शून्य नव्हे, कोरा मजकूरही नव्हे,
नुसतं: किंमत नाही.

तिने एकेक अक्षर दाबून ते लिहिलं.
यंत्राने निमूट घेतलं.

खाली ट्रकमधून पेट्या उतरत होत्या,
शेवटी चढवलेली आधी.