क्वेंबीच्या पुस्तकातली एक ओळ

रेल्वेने गावं पेरली आठ-आठ मैलांवर,
इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने.
ओव्हरबी, पार्निक, मग आम्ही.
क्यूवरून नाव सुचेना इंजिनिअरला,
तेव्हा जेवता जेवता त्याने बनवलंच म्हणे: क्वेंबी.
अर्थ काही नाही.
पुढे रेल्वेने रूळही उचलून नेले,
नाव तेवढं न्यायचं राहिलं.

गाव पंचाहत्तरीला आलं तेव्हा पुस्तक काढायचं ठरलं.
हॉलमध्ये सभा, कॉफी, तीन तास वाद,
ठराव एकच: दर घराला दोन पानं.
मी शाळेत टायपिंग करायचे,
म्हणून सगळ्यांची घरं माझ्या टेबलावर आली.

टोर्गर्सनांनी गवती ढेकळांच्या घरातला पहिला हिवाळा लिहिला,
बैल आत बांधलेला, त्याच्या श्वासावर पोरं झोपायची.
डर्मडी आणि स्कोगन यांनी
बांधावरचं भांडण दोघांनीही गाळलं
आणि दोघांच्याही पानांत एकोणीसशे सव्वीस साल आलंच नाही.
धुळीच्या वर्षांबद्दल सगळ्यांनी एकच लिहिलं होतं:
ताटं पालथी मांडायची,
वाढायच्या क्षणी उलटायची,
तरी पहिला घास करकरायचा.

आमची दोन पानं मीच लिहिली.
शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं:
"मिखाइलो होरोडिंस्की यांनी
त्या दहा वर्षांत कुणाचं काही घेतलं नाही."

आणि धंद्यांच्या यादीत, लोहार आणि न्हावी यांच्या मध्ये,
"कॅफे : हॅरी, १९१९ ते १९६१."
बेचाळीस वर्षं. एक ओळ.
तो काउंटरमागच्या खोलीत राहायचा,
खोलीला आम्ही घर धरलं नव्हतं.
या देशात पाऊल टाकायचे पाचशे डॉलर त्याने भरले होते,
बायकोचे भरायला पैसे जमेपर्यंत
कायद्याने दारच लावून घेतलं.
हे मला नंतर कळलं. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं,
पाय मात्र सगळ्यांचा गोड लागायचा: लिंबाचा, बुधवारी.

कॅफे पाडला त्या वसंतात
खणाच्या तळाशी वही निघाली.
सास्काटूनला नेली. एका विद्यार्थिनीने वाचली,
बोट वरून खाली सरकवत, मध्येच हसत.
नावं नाहीत, म्हणाली. टोपणनावं आहेत.
लाल मिशा : अठरा वाट्या सूप.
पाच मुलींचा बाप : पीठ, मीठ, रॉकेल.
मोठ्याने शिंकणारी : औषध.
आणि हे कोण? दारातच थांबणारा.
बावीस वाट्या सूप. एक जोड बूट, लहान मुलीचे.

ते बूट तपकिरी होते.
डाव्याचा बंद उजव्यापेक्षा लांब होता.

कशावरच काट मारलेली नव्हती.
मागितलेलंही कुणाला आठवत नाही.
पहिल्या पानावर त्याचं स्वतःचं नाव होतं,
मुलीने तीनदा म्हणून दाखवलं, मी तीनदा चुकले:
यी गोक-शिंग.

आता गावात एकोणतीस माणसं, एक पोस्टाची पेटी,
आणि धान्याचं शेवटचं कोठार पाडलं तेव्हापासून
लांबून येणाऱ्याला गाव दिसतच नाही,
एकदम पायाशी येतं.

पुस्तकाच्या चारशे प्रती निघाल्या होत्या.
पोरं कॅल्गरीला गेली, पुस्तकंही गेली.
मी पत्रं लिहिते, फोन करते,
आणि दोन पानं टाइप करून पाठवते,
जवळच्यांच्या पुस्तकात तर स्वतः चिकटवून येते
गव्हाच्या पिठाची खळ करून.
एकशे अकरा झाली.
आमच्या शेवटच्या वाक्यावर पट्टी लावली आहे.

पार्निकच्या लायब्ररीतली मुलगी म्हणाली,
खळ नको, बाई, पुस्तकाला कसर लागेल.
म्हटलं, कसर आधीपासूनच होती ग.
धर जरा तो कोपरा.